चौकाबाहेर आलेली रेघ

वारली चित्राला चित्रकाराचं नाव लागलं ते जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांच्यापासून. त्याआधी पिढ्यान् पिढ्या लग्नघरांच्या भिंती रंगत होत्या, पण कुठल्याच भिंतीखाली कुणाची सही नव्हती. तशी कुणाला गरजही वाटली नव्हती. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, चार-सहा महिन्यांनी भिंत पुन्हा सारवली गेली की चित्रही गेलं. म्हसे यांनी तीच रेघ, तोच पांढरा रंग आणि तेच त्रिकोण घेतले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ कागदावर आणि कापडावर रोजचं जगणं मांडलं. राष्ट्रीय पुरस्कार, पॅरिस आणि ड्युसेलडॉर्फमधली प्रदर्शनं, पद्मश्री हे सगळं त्यामागून आलं.

म्हसे यांचं आयुष्य ज्या मुलखात गेलं तो 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्हाच होता. उत्तरेला गुजरातच्या सीमेवर तलासरी आणि डहाणू, आग्नेयेला सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड, असा हा लांबलचक जिल्हा. त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई, पालघर, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे आठ तालुके तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्याकडे राहिले. कारभाराची हद्द बदलली तरी जंगलपट्ट्यातलं जगणं दोन्हीकडे बरंचसं सारखंच आहे. वारल्यांची सर्वांत दाट वस्ती उत्तरेकडच्या तालुक्यांत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या शेजारी वारलीही राहतात. कारवीच्या काड्या उभ्या करून त्यावर माती आणि शेण लिंपलेला कुड, उन्हाळ्यात भाजलेला राब, पावसात आवणी, दिवाळीच्या आसपास खळं, गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेला वाघोबा. म्हसे यांच्या चित्रांत जे दिसतं ते शहापूरच्या किंवा मुरबाडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

चौक लिहिणं

म्हसे यांनी नेमकं काय केलं हे कळायला आधी मूळ रीत पाहावी लागते. वारल्यांमध्ये चित्र 'काढत' नाहीत, चौक 'लिहितात'. लग्नाचा हंगाम भातशेतीची कामं संपल्यावर सुरू होतो आणि पावसाळ्याआधी आटोपतो. लग्नघरात आतल्या भिंतीवर आधी शेणामातीचं सारवण होतं, त्यावर गेरूचा हात फिरतो. तांदूळ भिजत घालून वाटतात, त्यात पाणी आणि थोडा डिंक घालून पातळ पांढरा रंग करतात. बांबूच्या काडीचं एक टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. या तीन वस्तूंवर सगळी कला उभी आहे: लाल भिंत, पांढरं पीठ, चावलेली काडी.

चौक लिहायचा मान सवाशिणींचा. त्या लिहीत असताना विधी सांगणाऱ्या आणि लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाईला धवलेरी म्हणतात. लग्न लावण्याचा अधिकारही तिचाच. मधोमध एक मोठा चौकोन आखला जातो, तो देवचौक. त्याच्या कडा साखळीसारख्या, जाळीसारख्या नक्षीच्या पट्ट्यांनी भरतात. आत पालघट देवी असते. ती सुफलतेची देवी, शेताची आणि कुशीची. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावर स्वार पंचशिऱ्या असतो. डोक्याच्या जागी धान्याचे पाच कोंब फुटलेला हा देव. चौकाभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग, झाडं, वाजंत्री आणि नाचणारी माणसं येतात.

या चित्रात सवाशिणीला मोकळीक कमीच. पालघट कशी असावी, चौकट किती पदरी असावी, हे ठरलेलं. मोकळीक होती ती चौकटीबाहेर: झाडांत, माणसांत, प्राण्यांत. पुढे म्हसे यांनी नेमकी हीच बाहेरची जागा आपली केली.

लग्नाच्या या चित्रामागे एक कडवट बाजूही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तलासरी, डहाणू आणि उंबरगाव भागातल्या बहुतेक जमिनी सावकार-जमीनदारांच्या हातात होत्या. लग्नापुरते पैसे उसने घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच मालकाच्या शेतावर वर्षानुवर्षं राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. बायकोही त्याच्याबरोबर राबे. म्हणूनच कित्येक जोडपी आधी संसार थाटत आणि विधी ऐपत आल्यावर, कधी मुलं हाताशी आल्यावर, उरकत. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ नोंदवला आहे. म्हसे यांचं बालपण याच काळातलं आणि याच मुलखातलं.

धामणगाव ते कळंबीपाडा

जिव्या म्हसे यांचा जन्म 1934 साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणं बंद झालं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. काय हवं, काय नको, काय पाहिलं, हे तो धुळीत बोटाने किंवा काडीने रेघा ओढून सांगायचा. रेघ हीच भाषा झाल्यावर ती अचूक ओढावी लागते. समोरच्याला बैल आणि रेडा यांतला फरक कळला नाही तर निरोपच चुकतो. नंतर बोलणं परत आलं, पण म्हसे आयुष्यभर मितभाषीच राहिले.

अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आले. पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. शेतमजुरी, भातशेती, मासेमारी, रानातून लाकूडफाटा आणणं, हेच रोजचं काम. शाळेत किंवा कुणा गुरूकडे चित्रकला शिकण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नघरातल्या भिंती हीच शाळा. फरक एवढाच की तिथे लिहिणाऱ्या बायका होत्या आणि हा मुलगा बघणारा होता. पुरुषाने काडी हातात घ्यायची रीत नव्हती. म्हसे यांनी ती घेतली, आणि लग्न असो-नसो, चित्रं काढत राहिले. लग्नाशिवाय चित्र, आणि तेही पुरुषाच्या हातचं, या दोन्ही गोष्टी पाड्याला नव्या होत्या.

भास्कर कुलकर्णी आणि तपकिरी कागद

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर फिरू लागले. ते मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करत. हातमागाच्या कापडासाठी नव्या नक्षी तयार करणारं हे सरकारी केंद्र त्या काळात चित्रकारांचा अड्डाच होतं. प्रभाकर बरवे यांनीही तिथे नोकरी केली. हस्तकला आणि हातमाग यांचं धोरण आखणाऱ्या पुपुल जयकर यांनी याच कुलकर्णींना त्याआधी, 1966-67 च्या दुष्काळात, बिहारमधल्या मधुबनीला पाठवलं होतं. शेती बुडालेल्या घरांना चार पैसे मिळावेत म्हणून तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला सांगायची, ही योजना होती. मिथिला चित्रकला बाजारात आली ती तिथून. तोच प्रयोग ठाणे जिल्ह्यात करायचा होता.

कुलकर्णी यांनी पाड्यांवर मुक्काम केला आणि बायकांना कागद आणि पांढरा रंग दिला. गेरूच्या भिंतीची आठवण ठेवणारा तपकिरी कागद असे. चौक लिहिणाऱ्या हातांनी कागदावर चौकच लिहिला. कळंबीपाड्यावर मात्र त्यांना एक पुरुष भेटला. त्याच्या कागदावर देवचौकाशिवाय बाकी सगळं होतं: गुरं, झाडं, बैलगाडी, तारप्याचा नाच, मुंग्यांची रांग. विधीतून सुटलेली रेघ कुठवर जाऊ शकते, हे कुलकर्णी यांना तिथे दिसलं.

1975 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये म्हसे यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. केकू आणि खोरशेद गांधी यांची ही गॅलरी तेव्हा जहांगीर कलादालनाच्या इमारतीत होती. हुसेन, तय्यब मेहता यांची चित्रं तिथे लागत. कळंबीपाड्यावरच्या शेतमजुराची चित्रं तिथे लागणं म्हणजे त्यांना कलावस्तूंच्या दुकानातून कलादालनात जागा मिळणं. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फ्रान्समधल्या मांतों शहरात त्यांची चित्रं दाखवली गेली.

चित्र जवळून पाहताना

वारली चित्राची वर्णमाला अगदी छोटी आहे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, ठिपका, रेघ. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आलं, त्रिकोण डोंगर आणि झाडाच्या शेंड्यावरून, असं मानतात. चौकोन मात्र माणसाचा, पवित्र जागा आखून घेण्यासाठी काढलेला. माणूस म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि हातापायांच्या चार रेघा. डोळे नाहीत, नाक नाही, चेहरा नाही. डोक्यामागे अंबाड्याचा गोळा असला की बाई.

हीच आकृती हजारो जण काढतात. म्हसे यांच्या हातात ती चालू लागते. त्याचं गुपित कमरेत आहे. दोन त्रिकोण जिथे भिडतात तो बिंदू म्हणजे जणू बिजागरी. वरचा त्रिकोण त्या बिंदूवर जरासा कलला की माणूस वाकतो, पुढे झुकतो, ओझं उचलतो, ओढतो. आवणीची बाई काढायची तर वरचा त्रिकोण जवळजवळ आडवा होतो आणि दोन्ही हात खाली लोंबतात. झोडपणी करणारा माणूस असेल तर तोच त्रिकोण मागे रेलतो. पायांच्या रेघांत गुडघ्याचा एक हलका मोड असतो. चालणं, पळणं, नाचणं त्यावर ठरतं. चेहरा नसल्यामुळे माणूस काय करतो आहे एवढंच उरतं, आणि सगळं लक्ष कामावर जातं.

तारप्याचं चित्र हा दुसरा नमुना. तारपा म्हणजे वाळलेल्या दुध्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. भाताचं पीक हाती येतं त्या दिवसांत रात्री तो वाजतो. मध्ये तारपकरी, आणि त्याच्याभोवती कमरेत हात घालून नाचणाऱ्यांची साखळी. वाजवणारा जिकडे वळेल तिकडे साखळी वळते; त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. साखळी बंद वर्तुळाची नसते, शंखाच्या वेढ्यासारखी उलगडत जाते. चित्रात हा वेढा आकाशातून पाहिल्यासारखा दिसतो, पण त्यातला प्रत्येक नाचणारा मात्र बाजूने पाहिल्यासारखा. दोन नजरा एकाच कागदावर आहेत आणि तरी डोळा कुठे अडखळत नाही. जवळचं मोठं आणि लांबचं लहान, हा पाश्चात्त्य चित्रकलेचा नियम इथे नाही. डोंगर, खळं, विहीर, वाघ, सगळं एकाच पातळीवर पसरतं, कारण पाड्यावरच्या माणसाच्या मनात ते तसंच एकमेकांशेजारी असतं.

म्हसे यांचा स्वतःचा असा लाडका विषय म्हणजे मासेमारीचं जाळं. मोठ्या कापडावर जाळं पसरलेलं असतं. बारीक बारीक रेघांनी विणल्यासारखं, कापडाचा बहुतेक भाग व्यापणारं. मासे आणि माणसं त्याच्यापुढे इवलीशी. जवळ गेलं की एकेक रेघ सुटी दिसते, कुठे पीठ दाट, कुठे काडी कोरडी पडल्याने फिकट. चार पावलं मागे आलं की सगळं जाळं पाण्यावर हलल्यासारखं वाटतं. चौकाच्या कडेला सवाशिणी जी जाळीची पट्टी लिहीत, तीच इथे कड सोडून चित्राच्या मध्यभागी आली, असं म्हणता येतं. भातशेताच्या चित्रांतही हाच हात दिसतो. शेत दाखवायला ते बांध आखून थांबत नाहीत. रोपागणिक एक छोटी रेघ, अशा हजारो रेघांनी वाफे भरतात. आवणी करणाऱ्या बाईचा हात जितक्या वेळा चिखलात जातो, जवळजवळ तितक्या वेळा चित्रकाराची काडी कापडावर टेकते.

साहित्य बदललं, पण फार नाही. कागदानंतर कापड आलं. त्यावर गेरूचा किंवा शेणाचा लेप दिला की भिंतीचा रंग आणि खरखरीतपणा परत येतो. शेणाच्या लेपाची हिरवट-पिवळसर छटा म्हसे यांच्या कित्येक चित्रांत आहे.

पॅरिस, दिल्ली, ड्युसेलडॉर्फ

1989 साली पॅरिसमध्ये पॉम्पिदू केंद्र आणि ला व्हिलेत इथल्या जुन्या जनावर बाजाराच्या सभागृहात 'मॅजिसियां द ला तेर' हे प्रदर्शन झालं. नावाचा अर्थ 'पृथ्वीवरचे जादूगार'. संयोजक होते ज्याँ-ह्युबेर मार्तां. आधुनिक कला म्हणजे युरोप-अमेरिकेची कला, ही समजूत मोडण्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक कलावंत जमवले. त्यांतले निम्मे पाश्चात्त्य जगाबाहेरचे. मिथिलेच्या बउआ देवी तिथे होत्या, आणि जिव्या सोमा म्हसे होते. अशा कलावंतांना त्यांच्या जगातून उचलून दालनात ठेवणं कितपत बरोबर, यावर तेव्हा मोठा वाद झाला, आणि तो पुरता मिटलेला नाही. पण एक गोष्ट घडली: चित्राखाली 'वारली जमात' असं न लिहिता माणसाचं नाव लिहिलं गेलं.

दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमचे तेव्हाचे संचालक ज्योतींद्र जैन यांनी 1998 मध्ये तोच मुद्दा पुढे नेला. 'अदर मास्टर्स' या प्रदर्शनात आणि ग्रंथात त्यांनी पाच समकालीन लोक-आदिवासी कलावंत एकत्र आणले: मिथिलेच्या गंगा देवी, मध्य प्रदेशातले गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम, छत्तीसगडच्या सोनाबाई, मणिपूरच्या कुंभार नीलमणी देवी आणि जिव्या सोमा म्हसे. परंपरेतून आलेला कलावंतही स्वतःच्या मनाने निवड करतो आणि म्हणून तोही आजचाच कलावंत आहे, असं जैन यांचं म्हणणं. जनगढसिंह यांच्याशी तुलना केली की म्हसे यांचं वेगळेपण कळतं. जनगढसिंह यांनी देवांना नवी रूपं दिली, रंगांची उधळण केली आणि त्यांच्यामागे एक नवी शैली उभी राहिली. म्हसे यांनी रंग वाढवला नाही, आकारही वाढवला नाही. होतं तेवढ्याच अक्षरांत ते नवी वाक्यं लिहीत राहिले.

2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचं संयुक्त प्रदर्शन झालं. या संग्रहालयाचे संचालक तेव्हा ज्याँ-ह्युबेर मार्तांच होते. लाँग यांची कला चालण्याची. मैलोन् मैल चालायचं, वाटेत दगडांचं वर्तुळ मांडायचं, चिखलात हात बुडवून भिंतीवर ठसे उमटवायचे. त्यासाठी ते वारली मुलखात येऊनही गेले. मातीत वर्तुळ आखणारा एक इंग्रज आणि मातीच्या रंगावर वर्तुळात नाचणारी माणसं काढणारा एक वारली. दोघांना एकत्र बांधायला भाषेची गरज पडली नाही. पुढे हे प्रदर्शन इटलीत मिलानलाही गेलं. 2010 मध्ये पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयातल्या भारतीय लोक-आदिवासी कलेच्या प्रदर्शनातही म्हसे यांची चित्रं होती.

मानसन्मान येत राहिले. 2002 मध्ये शिल्पगुरू, 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. मुक्कामाचा पत्ता मात्र कळंबीपाडाच राहिला. 15 मे 2018 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, त्यांचं तिथेच निधन झालं. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

मागे काय राहिलं

म्हसे यांच्या घरात चित्रकला पुढच्या पिढीत गेली. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगे नावाजलेले चित्रकार झाले. त्याहून मोठा बदल घराबाहेर झाला. 1970 च्या दशकानंतर वारली मुलगे मोठ्या संख्येने चित्रकलेत आले आणि बायकांच्या विधीची कला पुरुषांच्या रोजगाराचं साधन झाली. यातून घराघरांत पैसा आला हे खरं. पण काडी ज्यांच्या हातातून सुरू झाली त्या सवाशिणींची नावं आजही फारशी कुठे वाचायला मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. पाड्यांवर सिमेंटची घरं आली तसे कुड गेले, आणि शेणामातीच्या भिंतीशिवाय चौक लिहिणं अवघड झालं. काही ठिकाणी चौक आता कागदावर लिहून भिंतीला लावतात.

नव्या पिढीतल्या चित्रकारांनी म्हसे यांची वाट आणखी पुढे नेली. गंजाडचेच राजेश वांगड यांनी 2013 पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर काम केलं. गिल यांनी त्या परिसराचे फोटो काढायचे आणि त्यांवर वांगड यांनी त्या जागेच्या गोष्टी रेखाटायच्या. फोटोत ओसाड टेकडी दिसते, आणि वांगड यांच्या रेघांत तिथलं गेलेलं जंगल आणि देव परत येतात. 2017 मध्ये जर्मनीतल्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या प्रदर्शनात ही मालिका दाखवली गेली. मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊही वारली कथा मोठ्या कापडांवर आणि पुस्तकांत मांडत आहेत.

दुसरीकडे, वारली नक्षी साड्या, मग, पिशव्या, हॉटेलांच्या भिंती आणि सरकारी इमारतींच्या कुंपणांवर पोचली. शहापूर-मुरबाडमधल्या शाळांच्या ओसरीवरही टोकाला टोक भिडलेले त्रिकोण नाचताना दिसतात. यांतली बरीच नक्षी बाहेरच्या कारागिरांनी किंवा छापखान्यांनी नक्कल करून काढलेली असते. म्हणूनच 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. यामुळे वारली चित्र या नावाने काय विकता येतं आणि कुणाला विकता येतं, याला कायद्याचा आधार आला. मात्र मानांकन जमातीच्या कलेचं रक्षण करतं. एकेका चित्रकाराच्या हाताचं रक्षण ते करू शकत नाही. ती ओळख पाहणाऱ्यालाच शिकावी लागते.

शिकायला फार अवघडही नाही. नकलेत माणसं एका साच्यातून काढल्यासारखी असतात. सगळ्यांचे त्रिकोण सरळ, सगळ्यांचे हात एकाच कोनात वर. पाहुण्याने फोटोसाठी उभं राहावं तशी ती उभी असतात. म्हसे यांच्या चित्रात दोन बायका शेजारी वाकल्या असतील तर एकीची कंबर जराशी जास्त झुकलेली असते, कारण तिच्या पुढ्यात चिखल खोल आहे. तारप्याच्या साखळीत शेवटचा नाचणारा थोडा मागे ओढला गेलेला असतो, कारण वेढ्याच्या टोकाला पळावं लागतं. मुंग्या एका रांगेत असल्या तरी एक वाट चुकलेली असते. हे शेतात, खळ्यावर आणि नाचात उभं राहून पाहिलेलं आहे, आणि पाहिलेलं तेवढंच काडीने उतरवलं आहे.